देवरहाटीतली झाडं तोडून सभामंडप: गावच्या मीटिंगआधी सल्ला हवाय

पऱ्याकाठचा
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण शिमग्याआधी गावची मीटिंग आहे आणि त्याआधी जमेल तेवढं समजून घ्यायचंय.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. नाव देत नाही, गाव आपलंच आहे, चव्हाट्यावर आणायचं नाहीये. ग्रामदेवीच्या देवळाभोवती सहाएक एकर देवरहाटी (देवीच्या नावाने राखलेलं रान, देवराई) आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, सातवीण, सुरंगीची जुनी झाडं, आणि गारंबीचा एक वेल तर असा की बुंधाच वाटावा, या झाडावरून त्या झाडावर करत पार पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) गेलाय. उन्हाळ्यात शेंगा लोंबतात त्या माणसाच्या हातापेक्षा लांब.

मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने जीर्णोद्धारासाठी चांगली वर्गणी जमवलीय. प्लॅन असा की कौलारू देवळासमोर आरसीसी सभामंडप, पाखाडी (चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट) उखडून गाडी दारापर्यंत जाईल असा रस्ता, आणि भोवती सगळीकडे पेव्हर ब्लॉक. बावीस झाडांवर चुन्याच्या खुणा झाल्यात. त्यात तो जुना बेहडाही आहे. त्याच्या ढोलीत दर वर्षी गरुडाची जोडी येते (आमच्याकडे गरुडच म्हणतात, पुस्तकातला महाधनेश). मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, नुसती चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर दिवसभर वडा-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतलं सगळं कुटुंब उपाशी. आत्ता फेब्रुवारी म्हणजे त्यांचे घरटं धरायचे दिवस.

देऊळ चांगलं व्हावं हे मलाही वाटतं. पण देवीचं रान तोडून देवीला मंडप हे मनाला पटत नाही. तुमच्याकडे असं काही झालंय का? कायदा काय म्हणतो? आणि मुख्य म्हणजे मीटिंगमधे लोकांना पटेल असं काय बोलावं?

सुरंगीचा_वळेसर
वाचतेय. सुरंगी तोडणार म्हटल्यावर पोटात गोळाच आला. आमच्या वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या कळ्यांवर कितीतरी बायकांचा दोन महिन्यांचा संसार चालतो. झाड मोठं व्हायला पिढी जाते हो.

दोडामार्गी
आमच्याकडे देवाच्या रायेत कोयतो घेवन कोणच जायत नाय. पडलेला लाकूड थंयच कुजता. कौल लावलो काय तुमी? देवीन काय सांगल्यान?

पऱ्याकाठचा
@दोडामार्गी, कौल (देवीला विचारणं) मंडपासाठी लावला आणि तो उजवा, म्हणजे होकाराचा मिळाला. झाडांचं वेगळं विचारलंच नाही असं गुरवकाका म्हणतात.

दोडामार्गी
मगे झाडांचो वेगळो कौल घेवा. ह्या पयला काम.

नीलिमा_का
कौलावर एवढं मोठं काम सोडायचं? उद्या कौल तोडायच्या बाजूने आला तर काय कराल? मग बोलायला जागाच उरणार नाही. मुद्दा पाण्याचा काढा. तुमच्या आयडीतच पऱ्या आहे, तो कुठून येतो? देवरहाटीतूनच येत असणार. गावाला मार्च-एप्रिलमधे टँकर लागतो का? नसेल लागत तर का नाही, हा एकच प्रश्न मीटिंगमधे विचारा.

जुना_कागद
नीलिमाताईंशी सहमत, आणि याला जुना दाखलाही आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरले, १९७६ मधे त्यांचा निबंध आला. तेव्हा कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई तोडीसाठी खुणावली होती. गावकऱ्यांनीच या दोघांना गाठून ती वाचवून घ्यायला लावली. गावचा झरा त्या राईवर अवलंबून होता म्हणून. ‘जैवविविधता’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण राई गेली तर पाणी जाणार हे लोकांना पक्कं माहीत होतं.

वाडीवरची_सून
मी अशाच गावात राहते, बारा महिने, म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

इथे सगळे झाडांबद्दल बोलतायत, पण मंडप का मागतात ते कुणी विचारलंय का? शिमग्यात पालखी बसते तेव्हा बायका कुठे बसतात? नवरात्रात पाऊस लागला की म्हाताऱ्या माणसांनी उभं कुठे राहायचं? आमच्या सासूबाई पाखाडीवर शेवाळावरून घसरल्या आणि खुबा मोडला, तेव्हापासून देवीचं दर्शन फोटोतच. मुंबईहून दोन दिवस येणाऱ्याला चिऱ्याची पाखाडी आणि रातकिडे आवडतात, आम्हाला वर्षभर तिथूनच जायचं असतं. पाणी आणि झाडं कुणाला नको आहेत? पण ‘तोडू नका’ एवढंच घेऊन मीटिंगला गेलात तर पहिली आमची वाडीच तुमच्या विरोधात उभी राहील. छप्पर कुठे आणि कसं करायचं हे घेऊन जा.

पऱ्याकाठचा
@वाडीवरची_सून, मनापासून आभार. मीही मुंबईतच असतो, त्यामुळे तुमचा मुद्दा थेट मला लागू आहे. आमच्याकडेही बायका देवळामागच्या उतारावर बसतात, पावसाळ्यात तिथे जळवा असतात. छप्पर हवंच. कुठे, यावर कुणी सुचवा.

चिरेबंदी
सिव्हिलवाला आहे, कोकणातली देवळांची बरीच कामं जवळून पाहिलीत, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

१. बावीस झाडं हा आकडा फसवा आहे. मोठ्या झाडाची अन्नपाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. तुम्ही पाच-सहा फूट खोल फुटिंग (खांबांचा पाया) खणलीत, वर जेसीबी फिरवलात, पेव्हर ब्लॉकखाली माती रोलरने दाबलीत, की ज्या झाडांवर चुना नाही तीही आतून मरायला लागतात. लगेच कळत नाही. चार-पाच वर्षांनी एका वादळात ऐन आडवा होतो आणि लोक म्हणतात झाड म्हातारं झालं होतं. बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधतात त्याचंही तेच.

२. तुमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पालापाचोळ्याची जमीन ते पाणी पिते, पेव्हर पीत नाही. ते सगळं एकदम खालच्या खाचरात उतरेल. खालच्या वाडीच्या शेतकऱ्यांना हे आधी सांगा, ते तुमच्या बाजूने उभे राहतील.

३. पर्याय: पालखीची सहाण (शिमग्यात पालखी बसते ती जागा) कुठे आहे? ती बहुतेक देवरहाटीच्या कडेला मोकळ्या जागेत असते. मोठा मंडप तिथे घ्या. देवळापाशी फक्त आहे त्या जोत्यावर पडवी वाढवा, लोखंडी खांब आणि मंगलोरी कौलं, स्लॅब नको. पाखाडी राहू दे, पण चिरे टाचून खडबडीत करून घ्या, एका बाजूला पाइपचं रेलिंग, पायऱ्यांची उंची कमी करून मधे टप्पे. म्हातारी माणसंही आरामात चढतील. खर्च आरसीसीपेक्षा कमीच येईल.

वाडीवरची_सून
हे बेस्ट आहे. रेलिंग तर आमच्याकडेही करायला सांगते.

खारफुटी
एक विचारू का? तोडलेलं लाकूड कुणाकडे जाणार?

पऱ्याकाठचा
एस्टिमेट परत उघडून बघितलं. जमेच्या बाजूला ‘लाकूड विक्री’ अशी ओळ आहे. आधी लक्षच गेलं नव्हतं, आणि रक्कम लहान नाहीये.

खारफुटी
वाटलंच होतं. ऐन-किंजळीचे एवढे जाड नग आता खाजगी रानात मिळत नाहीत, सगळी साफ झाली. उरलेत ते देवाच्या जागेत. त्यामुळे व्यापाऱ्यांचा डोळा तिथेच असतो. आमच्या शेजारच्या गावात मंडपाला लागत होती त्याच्या तिप्पट झाडं गेली, आणि आत ऊन पडल्यावर दोन पावसाळ्यांत रानमोडी आणि घाणेरी माजली. आता तिथे माणूस शिरू शकत नाही आणि नवीन रोप एक उगवत नाही.

अॅड_सह्याद्री
कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे, त्यातल्या अनुसूचित झाडांना परवानगी लागते. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा त्यात येतात. तुमचा बेहडा त्या यादीत नाही. पण महाधनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरटं मोडणं हे त्या कायद्यात शिकारीतच धरलं जातं. म्हणजे पक्षी ढोलीत असताना तो बेहडा पाडला तर गंभीर गुन्हा.

दुसरं, १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिकडच्या देवरायांच्या प्रकरणात निकाल दिला. जमिनीवर मोजणी करून नकाशे करा, राई लहान की मोठी ते बघू नका, तिचं महत्त्व बघा, असं सांगितलं आणि केंद्राला देशभरासाठी धोरण करायला सुचवलं. निकाल राजस्थानचा असला तरी मीटिंगमधे सांगायला उपयोगी.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सातबारा काढा. जागा कुणाच्या नावावर आहे? देवीच्या, सरकारच्या, की खाजगी? यावर पुढचं सगळं ठरेल.

कुर्गातला_मराठी
सातबाराच्या मुद्द्याला जोरदार दुजोरा. नोकरीमुळे कर्नाटकात कोडगूत (कुर्ग) राहतो. इथे प्रत्येक गावाला देवरकाडू, म्हणजे देवराई असतं, हजाराच्या वर आहेत. १९०५ साली सगळी मिळून १५,५०६ एकर होती, १९८५ पर्यंत ६,२९९ एकर उरली. भक्ती कमी झाली नव्हती, सण तर दणक्यात होतात. जमीन या खात्याची की त्या खात्याची या घोळात कडेकडेने कॉफी आत सरकत गेली. देवावर श्रद्धा असून रान जाऊ शकतं, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

पायवाट
मला थोडं वेगळं म्हणायचंय, कडू लागेल. देवराई म्हटलं की सगळे ‘आपल्या पूर्वजांचं शहाणपण’ म्हणतात. आमच्या गावच्या राईत आमच्या वाडीला पायरीच्या पुढे जायला बंदी होती, माझ्या वडिलांच्या काळापर्यंत. बायकांना महिन्यातले दिवस सांभाळून. परंपरा म्हणून राई वाचवा असं कुणी म्हणालं की आमची माणसं गप्प बसतात, कारण त्या परंपरेत आमचा वाटा नव्हता. पण त्या राईतून येणारं पाणी आमच्या विहिरीतही उतरतं. तेव्हा मीटिंगमधे मानकऱ्यांशीच बोलून थांबू नका, सगळ्या वाड्या बोलवा. ज्यांना आत घेतलंच नाही त्यांनी ते रान का सांभाळावं?

नीलिमा_का
पायवाट, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे.

दोडामार्गी
पायवाट, आमच्याकडेय ह्या होता, अजून थोडाफार आसा. बदलूकच व्हया.

बीजबँक
थोडं अवांतर, पण सांगावंसं वाटतं. @दोडामार्गी, तुमच्याच तालुक्यातल्या बांबर्डेची जायफळाची दलदल बघितलीय का कुणी? रानजायफळाची झाडं चिखलात उभी, आणि श्वास घ्यायला मुळं गुडघा दुमडल्यासारखी चिखलाबाहेर काढतात. अशा दलदली केरळ, कर्नाटक, गोव्यातच आहेत असं समजलं जायचं. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राय प्रसिद्ध आहेच. मग बांबर्डेला सापडली, ती देवाची राई म्हणूनच टिकली होती. जेमतेम २.५९ हेक्टर, आता जैवविविधता वारसा स्थळ आहे.

आणि आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाचं देऊळ आहे, तिथल्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा मासा २०२० मधे विज्ञानाला नवीन म्हणून नोंदवला गेला. देवाच्या पाण्यात कुणी गळ टाकत नाही म्हणून राहिला तो. पुढच्याच वर्षी ती जागाही वारसा स्थळ झाली. तुमच्या देवरहाटीत पाचोळ्याखाली काय काय असेल कुणी बघितलंय? देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बेडकाच्या कुळातला बिनपायाचा प्राणी) तर नक्की असणार.

दोडामार्गी
बघितलंय म्हणजे काय, आमच्या घराकडसून जवळ. पावसात जाव नको, चप्पल चिखलान ठेवन घेता.

जुना_कागद
:) मग वारसा स्थळासाठीच अर्ज का करत नाही? जैवविविधता कायदा २००२, कलम ३७. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असतेच, लोक जैवविविधता नोंदवहीही झालेली असेल.

पऱ्याकाठचा
समिती आहे. सदस्य कोण हे सदस्यांनाच माहीत नाही. नोंदवही झालीय म्हणतात, पण त्यासाठी देवरहाटीत कुणी फिरल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

खारफुटी
बऱ्याच ठिकाणी हीच गत. एजन्सी येते, शेजारच्या गावाची यादी चिकटवते, सह्या घेते. नोंदवही मागून घ्या, ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि चुकीचं आहे ते तिथेच दुरुस्त करायला लावा. गुरवकाका, गुराखी, औषध देणारी म्हातारी, यांना सोबत घेऊन एक दिवस फिरा. पन्नास नावं तर तेच सांगतील.

घाटमाथा
वारसा स्थळाला माझा विरोध नाही, पण घाई करू नका. सरकारी बोर्ड लागला की गावाला वाटतं जागा गेली. मग जो धाक आणि माया होती तीही जाते. गावाने ठराव करून नियम ठरवणं आधी. मावळात अजिवलीच्या देवराईत भेरली माड आहेत, तिथले लोक माडी काढतात पण झाड राखतात. वापर बंद म्हणजेच राखण असं नाही. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुणी घ्यायचं हे गावानेच ठरवलं की टिकतं. आणि सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली मोकळ्या जागेत ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू देऊ नका, ते वेगळं दुखणं.

अॅड_सह्याद्री
घाटमाथा यांचं बरोबर. ग्रामसभेचा ठराव आधी, अर्ज नंतर.

सुरंगीचा_वळेसर
मीटिंग कधी आहे? झाली की नक्की कळवा. आणि त्या गरुडाचा फोटो असेल तर टाका ना.

पऱ्याकाठचा
फोटो मुद्दाम टाकत नाही. ढोलीची जागा कळली की कॅमेरेवाले झाडाखाली तळ ठोकतात आणि नर घाबरून फिरकत नाही.

सुरंगीचा_वळेसर
हे लक्षातच आलं नव्हतं. नका टाकू मग.

पऱ्याकाठचा
मीटिंग झाली. सविस्तर लिहितो.

आदल्या दिवशी @पायवाट यांच्या सांगण्याप्रमाणे सगळ्या वाड्यांत स्वतः गेलो. पूर्वी ज्यांना मीटिंगचं नुसतं कळवलं जायचं ती माणसं या वेळी येऊन पुढे बसली. सुरुवातीला मी झाडांचं काहीच बोललो नाही. छपराचं बोललो, बायकांच्या बसायच्या जागेचं बोललो, आणि @चिरेबंदी यांनी सुचवलेला सहाणेवरचा मंडप कागदावर काढून दाखवला. मुंबई मंडळाचे अध्यक्ष चिडले, ‘वर्गणी आरसीसीसाठी मागितलीय, पावतीवर चित्र छापलंय’ म्हणाले. तेव्हा खालच्या वाडीतल्या एका आजींनी विचारलं, ‘पऱ्याचं पाणी आटलं तर तुमच्या पावत्या भिजवून पिऊ का?’ त्यावर हशा झाला आणि वातावरण सैल झालं.

लाकूड विक्रीची ओळ मोठ्याने वाचल्यावर मात्र शांतता. कुणी ती घातली हे कुणी बोलेना. मी नाव विचारलं नाही, ओळ काढा एवढंच म्हणालो. काढली.

ठरलं ते असं: मोठा मंडप सहाणेवर, देवळाला कौलारू पडवी, पाखाडी राहणार आणि रेलिंग होणार. पेव्हर रद्द. बेहडा ठेवायचा यावर एकमत, गुरवकाकांनीच सांगितलं की देवीच्या दारात पिल्लं असताना कुऱ्हाड नको. पण रस्त्याचं अर्धवट राहिलं. सहाणेपर्यंत गाडी आली पाहिजे यावर सगळे ठाम आहेत आणि त्यात कडेची सात झाडं जातात. त्यातली दोन किंजळी खूप जुनी. वळण दिलं तर दोन्ही वाचतील, पण मग रस्ता एका खाजगी कलमाच्या बागेतून जातो आणि मालक पुण्यात. त्यांना भेटायला पुढच्या आठवड्यात जातोय.

वाडीवरची_सून
वा! त्या आजींना माझा नमस्कार सांगा. पडवीत बायकांसाठी ओटा करायला विसरू नका, जमिनीवर बसून गुडघे जातात.

पायवाट
सगळ्या वाड्या पुढे बसल्या हे वाचून फार बरं वाटलं. पडवीतही सगळ्यांना जागा हवी, हे ठरावात शब्दात लिहून घ्या.

चिरेबंदी
वळणासाठी बागेतली जागा तीन मीटर रुंद पुरेल, पूर्ण डांबरी नको, दोन चाकोऱ्या चिऱ्याच्या आणि मधे माती. मालकांना स्केच दाखवा, मी काढून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि पावसाआधी जेसीबी आत शिरू देऊ नका, काम माणसांकडून करून घ्या.

अॅड_सह्याद्री
अभिनंदन. ठराव ग्रामसभेत परत मंजूर करून घ्या, देवस्थानच्या मीटिंगमधला पुरेसा नाही. सातबारा काढला का?

पऱ्याकाठचा
काढला. कब्जेदार सदरी सरकार आहे, इतर हक्कात ‘देवरहाटी’ असा शेरा. पण क्षेत्र चार एकर दाखवतंय, आणि जागेवर सहा आहे. दोन एकर कुठे गेले?

अॅड_सह्याद्री
शेजारच्या गट नंबरांचे उतारे आणि गटवारीच्या आधीचा सर्व्हे नंबरचा नकाशा दोन्ही मागवा, भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल मिळते. ते दोन एकर बहुतेक शेजारच्या गटात चढलेले असतात. रस्त्याची आखणी त्याआधी होऊ देऊ नका, आणि मिळाले की इथेच टाका, नावं झाकून.